शांत झोपणाऱ्या बाळंतिणी

चिंग-रूला त्या नऊ बायकांचा राग येत होता, आणि राग यावा असं त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्या नुसत्या झोपल्या होत्या.

बाळंतपणानंतरचा पहिला महिना बायका घरी कशा काढतात, किती झोपतात, किती हलतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. प्रत्येकीला मनगटावर घालायचा एक पट्टा दिलेला, नाडी आणि हालचाल टिपणारा. महिना संपला की पट्टा परत आणायचा, त्यातलं सगळं संगणकावर उतरवायचं. बहुतेकींचे आलेख पाहिले की चिंग-रूला आपलंच घर दिसायचं. रात्र म्हणजे चिंध्या. डोळा लागला की बाळ रडलं, बाळ निजलं की छाती भरून आली, तेवढ्यात उजाडलं. तिची मीमी अकरा महिन्यांची होत आली तरी चिंग-रू अजून सलग झोपली नव्हती. बाळ शांत निजलं तर ते श्वास घेतंय ना, हे बघायला उठायची.

आणि या नऊजणी. जेवणं झाली की आडव्या. मध्ये एकदा उठल्या तर उठल्या, पाणी प्यायला किंवा मोरीत जाऊन आल्यासारख्या. आणि भल्या पहाटे ताज्यातवान्या होऊन तासभर दणादण हालचाल. महिनाभर घरात बसवून ठेवलेली बाळंतीण, जिला सासू खिडकीपाशी उभी राहू देत नाही, ती पहाटे तासभर करत काय होती?

आलेख अगदी एकसारखे असते तर सोपं झालं असतं. ते एकसारखे नव्हते. एक जरा लवकर झोपायची, दुसरी जरा उशिरा. चिंग-रूला वाटलं, हेच तर लबाडीचं लक्षण आहे. एकच रात्र घ्यायची, इकडेतिकडे चिमटे काढायचे आणि नऊ ठिकाणी लावून टाकायची. आदल्या वर्षी शेजारच्या विभागात एका मुलाने उंदरांचे आकडे असेच घरी बसून पिकवले होते. तो पकडला गेल्यापासून सगळ्या इमारतीत जो तो दुसऱ्याच्या पडद्याकडे मान वळवून बघू लागला होता.

पट्टे पोचवायचं आणि परत आणायचं काम पो-युआनचं. एमएचा मुलगा, अजून मिशी नीट फुटली नव्हती, आईबापांची बाजारात माशाच्या पेजेची गाडी. स्कूटरवरून ताइनान शहरात आणि आसपासच्या गावांत फिरायचा आणि आल्यावर प्रत्येक घरची नक्कल करून दाखवायचा. चिंग-रूला तो "ताई" म्हणायचा आणि मीमीसाठी कुठून कुठून खुळखुळे आणायचा.

ती नऊही घरं शहराबाहेरची होती. मादोउ आणि त्याच्या पलीकडची गावं. एवढं लक्षात आलं तेव्हा चिंग-रूने पत्ते परत एकदा तपासले. लांबची घरं. उन्हातान्हात कोण जाणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मादोउची घरं आठवतात का रे तुला?"

पो-युआनच्या जेवायच्या काड्या डब्यातच थांबल्या. "आठवतात की. का गं?"

"काही अडचण आली होती तिकडे?"

"कसली अडचण. एका आजीने पपनसं दिली सात-आठ. स्कूटर एका बाजूला कलली नुसती."

"नाही, पट्ट्यांच्या बाबतीत म्हणते मी."

"पट्टे बरे होते," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. अर्धा डबा तसाच झाकून तो उठला. "ताई, माझा तास आहे."

त्याचा तास नव्हता. त्याचं वेळापत्रक चिंग-रूला पाठ होतं. तिला सगळ्यांचंच पाठ असायचं.

रात्री नवऱ्याशी फोनवर बोलताना तिने हे सांगितलं. चिया-ह्वा लांब शिन्-चूला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात, आठवड्याला घरी येणारा. त्याचं सगळं सरळ. "मग नऊ काढून टाक ना."

"का काढल्या, असं विचारतील की."

"सांग, पट्टे खराब होते."

"ते मला माहीत नाही."

"चिंग-रू, तुला या उन्हाळ्यात प्रबंध द्यायचाय. नर्सिंग कॉलेजवाले सप्टेंबरपर्यंतच थांबणार आहेत, पुढे नाही. आईने मीमीला आणखी वर्षभर सांभाळायचं हे तिला झेपणार नाही. हे तूच मला सांगितलंस."

तिनेच सांगितलं होतं. ती नोकरी गावातली होती, घरापासून चालत जाता येण्यासारखी, आणि असली जागा पुन्हा निघायला किती वर्षं लागतील कोण जाणे. नऊ आलेख काढले तर प्रबंध वेळेत होत होता. ठेवले तरीही होत होता, उलट जास्त चांगला दिसत होता. फक्त तिने बघितलं होतं, एवढीच अडचण. आणि उद्या हे बाहेर आलं तर प्रबंधावर नाव पो-युआनचं नव्हतं, तिचं होतं.

सकाळी ती तिच्या मार्गदर्शक फान मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडमनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं. "हे माझ्यापाशी बोललीस ते ठीक आहे. बाहेर बोलू नकोस. तुझी खात्री आहे?"

"मॅडम, बाळंतीण अशी झोपत नाही."

"माझी मुलगी रात्रभर झोपायची, म्हणून मीही. अपवाद असतात."

"नऊ? आणि सगळ्या एकाच दिशेच्या?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी विचारते त्याला."

संध्याकाळी त्यांनी चिंग-रूला परत बोलावलं. पो-युआनने एकच वाक्य धरून ठेवलं होतं, पट्ट्यातून जे आलं तेच मी उतरवलं. घरांबद्दल काही विचारलं की खाली बघायचा. "काहीतरी लपवतोय हे आंधळ्यालाही कळलं असतं," मॅडम म्हणाल्या. "मी विभागप्रमुखांच्या कानावर घातलंय. शुक्रवारी समितीकडे द्यावं लागेल. त्याआधी तू एका घरी जाऊन ये. तो तिथे गेला तरी होता का, एवढं बघ."

विभागप्रमुखांच्या कानावर घातलेली गोष्ट जिन्यानेच खाली उतरते. दुसऱ्या दिवशी पो-युआनच्या टेबलाशेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे बसणारी मुलगी सामान घेऊन खिडकीपाशी गेली होती. तो पाठमोरा बसून स्कूटरच्या किल्ल्या उगाच या खिशातून त्या खिशात घालत होता. चिंग-रूला बघून उठला नाही.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी ती मादोउला गेली. सासूबाईंना दवाखान्यात जायचं होतं, म्हणून मीमीला मागच्या सीटवर बांधून घेतलं. वाटेत तीनदा गाडी कडेला थांबवली. एकदा मीमी रडली म्हणून, दोनदा ती रडत नव्हती म्हणून.

लाइ आजींचं घर पपनसाच्या बागेला लागून होतं. दारात धुतलेले लंगोट वाळत होते. आजी साठीच्या पुढच्या, काटक, केस काळेभोर रंगवलेले. चिंग-रूने विद्यापीठाचं नाव सांगताच त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली आणि मीमीला तिच्या कडेवरून जवळजवळ ओढूनच घेतलं.

"युनिव्हर्सिटीची होय. तो पोरगा का नाही आला? पो-युआन? इथे मागच्या दारी बसून दोन वाट्या सूप प्यायला तो. तिळाच्या तेलातलं, आलं घातलेलं. मी म्हटलं, बाळंतिणीचं आहे बाबा, पुरुषांना चालतं की नाही कोण जाणे. तर म्हणतो, आजी, मी अभ्यासात सहभागी होतो."

म्हणजे तो आला होता. चिंग-रूला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग ते आकडे आले कुठून?

आतून सून आली, शू-मिन, काखेत तीन महिन्यांचं बाळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिला बघताच चिंग-रूने ओळखलं. ही बाई झोपलेली नाही. ही आपल्यातली आहे.

"रात्री फार उठवतो का?" चिंग-रूने विचारलं.

"विचारू नका," शू-मिन म्हणाली. "जन्मल्यापासून. आता जरा तरी बरंय. पहिल्या महिन्यात तर मी भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपायचे."

चिंग-रूच्या पिशवीत शू-मिनच्याच नावाचा आलेख होता. त्यातली शू-मिन गाढ झोपली होती.

तेवढ्यात आजींची नजर चिंग-रूच्या हातावर पडली. "हे काय, घड्याळ? लेकरू वर्षाचं नाही आणि मनगटाला लोखंड? काढ ते. तुझ्या महिन्याला कोण होतं घरात?"

"मी बाळंतिणींच्या सेंटरमध्ये होते आजी. महिनाभर."

"वाटलंच. तिथे पैसे घेतात आणि एसी लावतात. मनगटातून वारा शिरला की म्हातारपणी वाटी धरता येत नाही. माझ्या बहिणीचे हात बघ जाऊन." त्यांनी सुनेकडे मान वळवली. "हिला नाही घालू दिला मी तो पट्टा. पाठीमागे गार धातूची टिकली, ती सारखी कातडीला लागलेली. म्हटलं, मेलं ते संशोधन, माझ्या सुनेचे हात जातील."

शू-मिनने डोळे मिटून घेतले.

"मग पट्टा कोणी घातला?" चिंग-रूने विचारलं.

"मी," आजी अभिमानाने म्हणाल्या. "तुमचं नुकसान नको. दिलेल्या वस्तूचं चीज केलं पाहिजे. महिनाभर एक दिवस चुकले नाही हो. आंघोळीला तेवढा काढायचा, असं त्या पोराने सांगितलेलं, तेवढाच काढायचे. पहाटे देवळापुढे आमचा नाचाचा वर्ग असतो, तिथेसुद्धा घालून जायचे. आम्ही चारजणी होतो पट्टेवाल्या. कोणाचा जास्त चमकतो ते बघायचो."

चारजणी. देवळापुढे, रेकॉर्डच्या तालावर, हात वर करून गोल फिरणाऱ्या चार सासवा. तिच्या प्रबंधातल्या बाळंतिणी.

हसू यावं अशी गोष्ट होती आणि तिला हसू येईना. मीमी आजींच्या गळ्यातली जेडची माळ तोंडात घालायला बघत होती, एवढंच तिला दिसत होतं.

"पो-युआनला हे माहीत होतं?"

उत्तर शू-मिनने दिलं. "पट्टा न्यायला आला तेव्हा आईंनी त्याच्यासमोरच आपल्या हातातून काढून दिला. त्याचा चेहरा एवढासा झाला. मला म्हणाला, ताई, हे सांगावं लागेल. मग यांनी त्याला देवळातल्या देवीची शपथ घातली. म्हणाल्या, माझ्या सुनेला युनिव्हर्सिटीवाले बोलतील, खोटारडी म्हणतील, तू कोणाला सांगायचं नाहीस."

"म्हणतीलच की," आजी म्हणाल्या. "पोरगा गुणाचा आहे. शपथ पाळली त्याने. पाळली ना?"

"पाळली," चिंग-रू म्हणाली.

निघताना आजींनी पपनसं दिली आणि चिंग-रूचं घड्याळ खरोखरच काढून तिच्या पिशवीत टाकलं. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ इंजिन चालू न करता बसली. आपल्याला हे कसं सुचलं नाही? तिच्या सेंटरमध्ये नर्सा होत्या, पडदे होते, वेळेवर गरम सूप येत होतं. मनगटाची काळजी करायला तिथे कोणाची सासू नव्हती. शहरातल्या फ्लॅटमधल्या बायका नवऱ्याबरोबर एकट्या. सासवा होत्या त्या लांबच्या घरांत. ती दिशा तिने बरोबर ओळखली होती आणि अर्थ पार उलटा लावला होता.

पो-युआन विभागाच्या मागे स्कूटरपाशी भेटला. तिने सगळं सांगितलं. तो हेल्मेटचा पट्टा ओढत ऐकत राहिला.

"तू मला सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"हो. चुकलंच माझं. मला वाटलं, एकच घर आहे. चाळिसात एक. तुमचा प्रबंध अडणार नाही आणि आजींनाही वाईट वाटणार नाही." तो पहिल्यांदाच तिला 'तुम्ही' म्हणत होता. "बाकीच्या आठांचं मला खरंच माहीत नव्हतं. मॅडमनी आलेख दाखवले तेव्हा कळलं की आणखी असतील. तेव्हा बोलायला हवं होतं. पण त्यांनी मला आधीच चोर ठरवून बोलावलं होतं. तिथे शपथ मोडून सांगितलं असतं तर कोणी खरं धरलं असतं? म्हणे, एका आजीने घातला."

"मी तुला विचारलं होतं पो-युआन. जेवताना."

"विचारलं नाहीत. चाचपलंत." त्याने हेल्मेट डोक्यात घातलं. "आईला बाजारात कोणीतरी सांगितलं, तुमचा मुलगा आकडे पिकवतो म्हणून. ती आज गाडीवर गेली नाही."

चिंग-रूला माफी मागायची होती, पण ती आत्ता मागितली तर त्याने 'असू दे' म्हणावं म्हणून मागितल्यासारखी झाली असती. "मी विभागप्रमुखांकडे जातेय," ती म्हणाली. "आत्ता. मीच सांगते, मी चुकीचा आरोप केला."

"सांगा," तो म्हणाला.

तिने सांगितलं. विभागप्रमुख म्हणाले, बरं झालं, मिटलं. त्यांना ती काही फार मोठी गोष्ट वाटली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. आरोप करायला तिला चार वाक्यं लागली होती, आणि तेवढ्याने त्या मुलाच्या आईची गाडी बंद राहिली होती. "आपण सगळ्यांना तसं लिहून कळवाल का?" तिने विचारलं. ते जरा चमकले, मग हो म्हणाले. ते लिहून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

फान मॅडम मात्र सुटका झाल्यासारख्या मनापासून हसल्या. "सासवा. मला आधीच सुचायला हवं होतं. माझ्या सासूने मला केस विंचरू दिले नव्हते." मग कामाचं बोलल्या. "आता असं कर, ते नऊ काढ. लिही की पट्टे ठरल्याप्रमाणे वापरले गेले नाहीत. खोटं काहीच नाही त्यात. प्रबंध वेळेत होईल."

चिंग-रू 'हो' म्हणणार होती. शब्द अगदी ओठांवर होता. वाटेत तिने सप्टेंबर मोजला होता, कॉलेजपर्यंतची पायी वाट मोजली होती, मीमीला दुपारी घरी येऊन भरवता येईल हेसुद्धा मोजलं होतं. पण डोकं थांबेना. मीमी शांत असली की तिला जशी भीती वाटायची, तशीच आत्ता वाटली.

"मॅडम, त्या नऊजणी आपल्याला सापडल्या, कारण त्या सासवा छान झोपतात."

"बरं मग?"

"ज्या सासवांचे गुडघे दुखतात, ज्यांना झोप लागत नाही, त्यांचे आलेख बाळंतिणीसारखेच दिसतील. चिंध्या. त्या आपण खऱ्या म्हणून ठेवल्यात."

मॅडमनी घरांची यादी पुढे ओढली. त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळी घरं परत."

"सगळी."

"आणि खरंच निम्म्या सासवा निघाल्या तर नवीन बाळंतिणी शोधायच्या. वर्ष जाईल चिंग-रू. ती जागा जाईल. मी तुला असं करायला सांगत नाही. तुझ्या जागी मी असते तर केलं नसतं, हेही सांगते."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मी मुलींना शिकवायला जाणार ना तिथे, बाळंतिणीची काळजी कशी घ्यायची ते," चिंग-रू म्हणाली. तिने घरांची यादी उचलून पिशवीत घातली.

कॉलेजला तिने फोन केला. पलीकडच्या बाईंनी तिचं म्हणणं दोनदा वदवून घेतलं, कारण त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. मग म्हणाल्या, ठीक आहे, यादीत पुढचं नाव आहे. चिया-ह्वा त्या रविवारी घरी आला आणि दिवसभर फारसं बोलला नाही. संध्याकाळी मीमीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना एवढंच म्हणाला, "आईला तूच सांग." तिने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बघू," आणि गुडघ्याला मलम लावत बसल्या.

सोमवारी ती विभागात गेली तेव्हा पो-युआन जिन्यात उभा होता. "गल्ल्या मला माहीत आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला घरं सापडणार नाहीत." मैत्रीने बोलला नाही, पण आला. गाडीत तो मागे मीमीशेजारी बसला आणि चिंग-रूशी दुसरं काहीही न बोलता तिला नुसतं डावीकडे, उजवीकडे सांगत राहिला.

पहिलं घर शहरातलंच होतं, बाजाराच्या मागे, चौथ्या मजल्यावर. इथे सासू नव्हती. इथला आलेख चिंग-रूचा सगळ्यांत आवडता, सगळ्यांत फाटका. दार उघडणारी मुलगी विशीतली होती, खांद्यावर दुधाचा डाग. आत कुठेतरी बाळ किरकिरत होतं.

मीमीला कडेवर सावरत चिंग-रूने नाव सांगितलं, कशाला आलोय ते सांगितलं. "तुमचं काही चुकलंय म्हणून नाही विचारत," ती म्हणाली. "मला फक्त खरं हवंय. पट्टा महिनाभर तुमच्याच हातात होता का?"

"होता की," मुलगी म्हणाली. तिने एकदा पो-युआनकडे बघितलं, तो चपलांकडे बघत होता. "म्हणजे, माझी आई आली होती गावाहून. तिने घातला होता थोडे दिवस. माझं मनगट सुजलं होतं म्हणून. फार नाही. तेवढ्याने बिघडलं का?"

"नाही," चिंग-रू म्हणाली. "कोणते दिवस, आठवतंय?"

मुलीने चौकटीला डोकं टेकलं आणि आठवायला लागली. आतलं किरकिरणं वाढत गेलं, आणि चिंग-रूचे पाय आपोआप त्या आवाजाकडे वळू पाहत होते, तरी ती दारातच थांबली.